खालची ओळ

अंबडच्या शेडमध्ये, कॅन्टीनच्या भिंतीमागे,
मी एक भाषा बनवते आहे.
इवलीशी. बोलणारं कुणी नाही तिला.
पगाराची सूत्रं वाचता आली म्हणजे झालं.

आधी चिन्हांची यादी.
मूळ, भत्ता, तास, दर, अधिक, उणे, चे, टक्के.
ही अंत्य. यांच्या पोटात आणखी काही नाही,
आली तशी घ्यायची.
मग दुसरी, जी सूत्रात कुणालाच दिसत नाहीत:
पद, राशी, वाक्य.
ती जन्मलीच फोडण्यासाठी.
इंग्रजीवाले थोरल्या-धाकट्या अक्षरांनी
हे दोन वर्ग वेगळे राखतात.
आपल्या 'क'ला थोरलेपण नाही,
म्हणून मी अंत्य चिन्हांच्या मागे एक रेघ लावली.
परवा एक चिन्ह मांडलं आणि वापरायला विसरले.
यंत्राने ओळीच्या क्रमांकासकट चहाडी केली.

मग मानपान.
अधिक आणि उणे एका पंगतीत,
डावीकडून वाढत जायचं.
त्याखाली गुणिले, भागिले.
त्याखाली चे.
जो खाली लिहिला तो वरचढ,
हे अंगवळणी पडायला आठ दिवस गेले.
लग्नपत्रिकेत नेमकं उलटं असतं.

आणि एक उणे वेगळं,
ज्याच्या डावीकडे कुणी नाही.
उणे पाच. कशातून, ते विचारायचं नाही.
त्याच्यासाठी सगळ्यात खाली एक नाव मांडलं: एकटं.
हे नाव कुठल्याच सूत्रात कधी येणार नाही,
नुसता त्याचा मान उसना घ्यायचा.
आमच्या हजेरीपटावरही असं एक नाव आहे.
जाऊ द्या.

तरी सतरा ठिकाणी पेच.
पेच म्हणजे हातात अर्धं वाक्य,
समोर दिसतंय एकच चिन्ह,
आणि ठरवायचं: आहे तेवढं मिटवू,
की पुढचं आत घेऊ?
संध्याकाळी सहाला द्वारका चौकात हेच.
जो घुसतो तो जातो.
माझं यंत्रही, सांगून ठेवलं नाही तर,
एकदा कुरकुरतं आणि घुसतं.
सोळा सोडवले.
सतरावा 'नाहीतर' कुठल्या 'जर'चा, याचा.
जवळच्याचा, म्हटलं, आणि तसाच ठेवला.

सात तारखेला पॅकिंगमधल्या शेवंता पगारे
स्लिप घेऊन आल्या.
मूळ नऊ हजार, भत्ता चार.
हातात तीन हजार पाचशे वीस.
"ताई, आडनावातच राहिला का पगार?"

मी सूत्र उघडलं. करारातलंच, शब्दाला शब्द:
कपात म्हणजे मूळ अधिक भत्ता चे बारा टक्के.
'चे' वरचढ. त्याने शेजारचा भत्ता ओढला,
बारा टक्के काढले, चारशे ऐंशी,
आणि मूळ उभंच्या उभं कपातीत गेलं.
यंत्राने नियम पाळला. नियम माझा.
करार मोठ्याने वाचताना साहेबांनी
भत्त्यानंतर श्वास घेतला होता.
श्वासासाठी माझ्या यादीत चिन्ह नव्हतं.

शेवंताबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या.
"कंचेभागुबेव," म्हणाल्या.
"सातवीत होतं. सिन्नरला, हिंगमिरे सर. पट्टी घेऊनच यायचे.
'चे' दुसरा, ताई.
पहिला 'कं'."

मी कंस घातले. एक मूळच्या अलीकडे,
एक भत्त्याच्या पलीकडे.
प्रिंटर जरा अडला, मग
अकरा हजार चारशे चाळीस.

त्यांनी स्लिप उजेडाकडे धरली.
सगळ्यात खालची ओळ आधी.
मग बोट लावून,
वर वर.